थंडीतल्या गळाच्या पैजेत सलग हार होत असेल तर काय तपासावे

नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या अखेरीपर्यंत आम्ही परभणीकडचे आठ जण दर रविवारी एका मध्यम तलावाच्या काठावर गळाची पैज लावतो. पद्धत इंग्लंडमधल्या ‘मॅच फिशिंग’वरून उचललेली आहे. काठावर पंचवीस-पंचवीस पावलांवर आठ खुंट्या ठोकायच्या, त्यांना क्रमांक द्यायचे, चिठ्ठीत ज्याला जी खुंटी येईल तिथेच त्याने पाच तास बसायचे, धरलेला मासा पाण्यात सोडलेल्या लांब जाळीत जिवंत ठेवायचा आणि शेवटी वजनकाट्यावर तोलून पुन्हा तलावात सोडायचा. ज्याचे एकूण वजन जास्त, तो जिंकला. तलावाचा ठेका मच्छीमार सहकारी संस्थेकडे आहे आणि माशांचे बीजही संस्थेनेच सोडलेले आहे, त्यामुळे मासा परत सोडण्याच्या अटीवरच आम्हाला बसण्याची परवानगी मिळते. पैशाची देवघेव नसते. जो शेवटच्या क्रमांकावर राहील त्याने पुढच्या रविवारी सगळ्यांना हुरडा खाऊ घालायचा, एवढाच दंड.

गेल्या हिवाळ्यात मी सलग सहा रविवार खालच्या चार जणांत राहिलो आणि त्यांपैकी तीन वेळा हुरड्याची कणसे माझ्याच रानातून आली. अशी पडती सुरू झाली की माणूस सगळेच एकदम बदलू लागतो. मी तिसऱ्या रविवारी नवी काठी घेतली, चौथ्या रविवारी तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, बदलला, पाचव्या रविवारी आमिष बदलले आणि सहाव्या रविवारी टोपी बदलली; निघताना आईने हातावर ठेवलेले दही-साखरही मुकाट्याने खाल्ले. यांपैकी कशाचा गुण आला असता, तरी तो नेमका कशाचा हे मला कळले नसते. पुढे जी तपासणी सांगितली आहे, ती मी त्यानंतर शांतपणे बसून केली. तिच्यातली एकही गोष्ट जगावेगळी नाही, परंतु ती कोणत्या क्रमाने करावी याला फार महत्त्व आहे, कारण क्रम चुकला की माणूस आमिषाच्या वासावर महिनाभर विचार करत बसतो आणि दोष मात्र पाण्याच्या खोलीच्या मापात असतो.

आधी चिठ्ठीचा वाटा वेगळा काढावा

आठही जण सारख्याच हाताचे आहेत असे धरले, तर एका पैजेत न जिंकण्याची शक्यता आठात सात असते. हाच हिशेब पुढे नेला, तर सलग सहा पैजांत एकदाही न जिंकण्याची शक्यता शंभरात ४५ निघते आणि दहा पैजा कोऱ्या जाण्याची शक्यताही शंभरात २६ उरते. म्हणजे दीड महिना पहिला क्रमांक न मिळणे याला साडेसाती म्हणण्याचे कारण नाही. नाणे उडवून छापा न पडण्याइतकीच ती साधी गोष्ट आहे. सलग सहा वेळा खालच्या अर्ध्यात राहण्याचा हिशेब मात्र वेगळा आहे, कारण तिथे दर खेपेला शक्यता निम्मी होत जाते आणि सहाव्या खेपेला ती चौसष्टात एक एवढीच राहते. माझी पडती या दुसऱ्या प्रकारची होती, म्हणून दोष स्वतःच्या हातात शोधणे भाग होते.

त्यातही खुंट्या काही सारख्या नसतात. टोकाच्या खुंटीवर बसलेल्याला एका बाजूचे पाणी मोकळे मिळते आणि मधल्यांच्या आवाजाने, सावलीने बिचकलेला मासा त्याच्याकडे सरकतो, तर बाभळीच्या सावलीतल्या खुंटीला थंडीत दुपारपर्यंत ऊन मिळत नाही. इंग्लंडमधल्या सांघिक पैजांत यासाठी काठाचे भाग पाडतात आणि प्रत्येकाला त्याच्या भागातल्या क्रमांकाप्रमाणे गुण देतात, म्हणजे वाईट भागात बसलेल्याची तुलना त्याच भागातल्या इतरांशी होते. आठ जणांत असे भाग पाडणे जमत नाही. त्याऐवजी विजेत्याचे वजन बाजूला ठेवून आपल्या डाव्या आणि उजव्या शेजाऱ्याचे वजन पाहावे. तिघांचे पाणी, वारा आणि ऊन जवळजवळ एकच असते. दोन्ही शेजारी आपल्या खाली असतील, तर क्रमांक शेवटून तिसरा आला तरी हात ठीक आहे असे समजावे. दोन्ही शेजारी वर असतील, तर चिठ्ठीला बोल लावणे म्हणजे नाचता येईना अंगण वाकडे.

आमच्याकडे दर रविवारच्या वजनांचा कागद जपलेला असतो. तो काढून पाहिला, तेव्हा सहांपैकी पाच रविवारी माझे दोन्ही शेजारी माझ्या पुढे होते. त्या दिवसापासून मी बाभळीला दोष देणे सोडले.

वही ठेवावी, आणि तिच्यात टिचक्या लिहाव्यात

साधी शंभर पानी वही पुरते. तारीख, खुंटी, वाऱ्याची दिशा, आभाळ, पाण्याचे तापमान, पाण्याची खोली, आमिष आणि पहिला मासा किती वाजता लागला, एवढे बहुतेक जण सांगितल्यावर लिहितात. ज्याच्याकडे कोणी लक्ष देत नाही, तो रकाना टिचक्यांचा आहे. तंगुसाला अडकवून पाण्यावर ठेवलेल्या तरंग्याला बसणाऱ्या प्रत्येक धक्क्याला आम्ही टिचकी म्हणतो. दर तासाला किती टिचक्या आल्या, त्यांपैकी किती वेळा मासा लागला आणि लागलेल्यांपैकी किती जाळीत आले, असे तीन आकडे लिहिले की पडतीचे कारण तीन मोठ्या कप्प्यांपैकी कोणत्या कप्प्यात आहे हे लगेच दिसते. टिचकीच नसेल तर मासा आपल्या आमिषापाशी नाही, किंवा आहे पण आपल्याला कळत नाही. टिचकी आहे आणि मासा लागत नाही, तर गळ, आमिषाचा आकार किंवा झटक्याची वेळ चुकते आहे. मासा लागून सुटत असेल, तर साहित्य किंवा ओढण्याची घाई यांत दोष आहे. नुसता ‘आज दोन मासे’ असा हिशेब ठेवणाऱ्याला हा फरक कधीच कळत नाही, कारण तिन्ही दुखण्यांचा शेवट जाळीतल्या दोन माशांवरच होतो.

तरंगा हललाच नाही तर

हिवाळ्यातली बहुतेक पडती इथली असते, म्हणून इथे सर्वांत जास्त वेळ द्यावा.

माशाच्या अंगाला स्वतःची ऊब नसते. पाणी जितके गार, तितके त्याचे शरीर गार, आणि तितकेच त्याचे पचन संथ. रोहू, कटला आणि मृगळ हे २५ ते ३० अंश सेल्सिअस पाण्यात चांगले खातात आणि पाणी २० अंशांच्या खाली गेले की मंदावतात. चिलापी मूळची आफ्रिकेची आहे, ती १९५२ साली भारतात आणली गेली, आणि गारठा तिला सर्वांत कमी सोसतो. सायप्रिनस, म्हणजे कॉमन कार्प, मात्र थंड मुलखांतही सुखाने राहणारी जात आहे. आज आपल्या तलावांत दिसणाऱ्या सायप्रिनसपैकी पुष्कळसा भाग १९५७ साली बँकॉकहून आणलेल्या वाणाचा आहे, तरी इतर मासे तोंड उघडत नाहीत त्या दिवशीही तो तळाशी चरताना सापडतो. कटला पृष्ठभागाजवळ, रोहू मधल्या थरात आणि मृगळ व सायप्रिनस तळाशी खातात, हे लक्षात घेतले की डिसेंबर-जानेवारीत तळाचा गळच अधिक विश्वासाचा का ठरतो हे वेगळे सांगावे लागत नाही. पावसाळ्यात मधल्या थरात कणकेच्या गोळीवर रोहू काढण्याची ज्याची सवय असते, त्याची थंडीतली पडती पुष्कळदा या सवयीपासूनच सुरू होते.

परभणीचा पारा रात्री १० अंशांच्या खाली उतरल्याची बातमी आपण दर हिवाळ्यात वाचतो, परंतु तलावाचे पाणी हवेइतके झपाट्याने गार होत नाही आणि तितक्या झपाट्याने तापतही नाही. म्हणून हवेचा आकडा विसरावा आणि मत्स्यालयासाठी मिळणारा साधा तापमापक शिशासह दोरीला बांधून पाच मिनिटे तळाशी सोडावा. एका दिवसाच्या आकड्याला फारसा अर्थ नसतो. सलग तीन-चार दिवस हवा स्थिर राहिली तर मासा गार पाण्यातही खाऊ लागतो, आणि आदल्या रात्री अचानक गारठा वाढला तर बऱ्यापैकी कोमट पाण्यातही तो तोंड मिटून बसतो. जानेवारीत कधी कधी दोन-तीन दिवस ढग येतात आणि रात्री उबदार होतात. तुरीच्या आणि हरभऱ्याच्या शेतकऱ्याला ते आभाळ नकोसे असते, गळवाल्याला मात्र तसा दिवस वाया जाऊ देववत नाही.

वेळेचाही विचार करावा. या दिवसांत सूर्य सातच्या आसपास उगवतो आणि पहिले दोन-तीन तास उथळ पाण्यालाही ऊब लागत नाही. माझ्या वहीत साडेअकराच्या आधीच्या टिचक्या बोटांवर मोजण्याइतक्याच आहेत. आम्ही नंतर पैजेची वेळच दहा ते तीन अशी करून घेतली, पण जिथे सकाळी सातला बसावे लागते तिथे पहिला तास कोरा जाणार हे गृहीत धरून बसावे आणि त्या तासात चारा, खोली, आमिष यांतले काहीही घाबरून बदलू नये. बारा वाजता मासा जागा झाला, तेव्हा मी आधीच तीन आमिषे बदलून, पाणी ढवळून आणि सगळा चारा संपवून बसलेलो असे.

जागा निवडण्याची मुभा असेल, म्हणजे पैज नसताना सरावाला बसायचे असेल, तर उत्तरेकडचा काठ घ्यावा. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून जातो, त्यामुळे दक्षिणेला तोंड असलेल्या काठावर दिवसभर ऊन पडते. बांधाच्या उतारावर लावलेला काळा दगड ऊन धरून ठेवतो आणि दुपारनंतर त्याच्या कडेचे पाणी बाकीच्या पाण्यापेक्षा आधी कोमट होते. झोंबणारे वारे सुटले असेल तर ते पाठीवर घ्यावे. समोरचे पाणी शांत राहते, आणि हिवाळ्यातली हलकी टिचकी लाटांवर दिसतच नाही. पैठणचा नाथसागर, म्हणजे जायकवाडी धरणाचा जलाशय, या सगळ्या दृष्टींनी मोह पाडणारा आहे, परंतु १९८६ पासून ते पक्षी अभयारण्य आहे आणि हिवाळा हाच तिथल्या पाहुण्या पक्ष्यांचा हंगाम आहे, म्हणून आम्ही पैजेसाठी तिकडे जात नाही.

आता खोली. माझा सर्वांत लाजिरवाणा दोष इथे निघाला. पहिल्या रविवारी मी गळाला शिसे अडकवून, ते तळाला टेकवून, तरंगा पाण्याच्या वर नेमका टोकभर राहील अशी खोली मापली होती आणि तंगुसावर मार्कर पेनाने खूण करून ठेवली होती. पुढच्या रविवारी त्याच खुणेवर तरंगा सरकवायचा आणि बसायचे. दरम्यान रब्बीचे आवर्तन सुटले. कालव्याला पाणी सुरू झाले की तलावाची पातळी दर दिवशी थोडी थोडी खाली जाते. रोज येणाऱ्याच्या ध्यानात ते येत नाही, आठवड्याने येणाऱ्याने मात्र ओल्या मातीचा नवा पट्टा पाहून ओळखायला हवे होते. तिसऱ्या रविवारपर्यंत पाणी जवळजवळ एक हात उतरले होते, आणि माझे आमिष, शिसे व हातभर तंगूस तळाच्या गाळात सैल पडून राहत होते. माशाने आमिष तोंडात घेऊन थुंकले तरी तो सैल तंगूस ताणला जाईपर्यंत वरच्या तरंग्याला पत्ताच लागत नव्हता. ‘टिचकी नाही’ असे मी वहीत लिहीत होतो, त्यांतल्या निदान काही टिचक्या येऊन गेलेल्या असणार.

म्हणून खोली दर रविवारी, आणि एकाच ठिकाणी नव्हे तर समोर, डावीकडे आणि उजवीकडे अशी तीन ठिकाणी मापावी. मापण्याचे शिसे अलगद उतरवावे. धपकन टाकले तर ते गाळात रुतते आणि खोली जास्त दाखवते. पाणी उतरत असताना मासा काठ सोडून आतल्या उतारावर सरकतो, त्यामुळे जिथे तळ एकदम खोल होतो ती कड शोधून तिच्या पायथ्याशी बसणे बहुधा फायद्याचे ठरते. पातळी उतरतेच असेही धरून चालू नये. जायकवाडीच्या दोन कालव्यांपैकी डावा २०८ किलोमीटर आणि उजवा १३२ किलोमीटर लांबीचा आहे, आणि उजव्या कालव्याचे पाणी माजलगावच्या जलाशयाला मिळते. पूर्णेवर येलदरीतून सोडलेले पाणी खाली सिद्धेश्वरला येते. म्हणजे वरच्या धरणाची पातळी उतरत असताना खालच्या जलाशयाची चढूही शकते. आवर्तन केव्हा सुटणार हे गावातल्या कोणत्याही बागायतदाराला तोंडपाठ असते. त्याला विचारणे हे मासेमारीच्या कोणत्याही व्हिडिओपेक्षा उपयोगाचे आहे.

आणि चारा. पावसाळ्याच्या शेवटी जो माणूस दोन किलो करडईची पेंड आणि गव्हाचा कोंडा पाण्यात ओतून मासा गोळा करतो, तोच थंडीतही तेच करतो, आणि शेजारी मासे काढत असताना आपल्याकडे मासा नाही म्हणून आणखी दोन गोळे फेकतो. मीही तेच करत होतो. संस्थेचे जाळे काढायला आलेले एक वयस्कर भोई काका माझ्या मागे उभे राहून बराच वेळ पाहत होते. शेवटी म्हणाले, “सायब, थंडीत माशाला भूकच कमी असती बगा. तुमी जेवणावळ घातली, मग तुमचा घास त्यानं काऊन खावा?” एका वाक्यात त्यांनी माझ्या तीन रविवारांचा निकाल लावला. पचन संथ असलेला मासा दोन-चार घासांत तृप्त होतो आणि तळाशी पडलेला बाकीचा चारा त्याच्यासमोर तासन्तास तसाच राहतो. त्यात आपल्या गळावरचा घास शोधून खाण्याचे त्याला काही कारण नसते. टाकलेला चारा परत काढता येत नाही, हे तर उघडच आहे.

थंडीत सुरुवातीला लिंबाएवढे दोन गोळे टाकावेत आणि त्यानंतर मासा लागेपर्यंत काहीही टाकू नये. मासा लागला तर दर दोन माशांमागे सुपारीएवढा एक गोळा पुरतो. पेंड बारीक चाळून घ्यावी, म्हणजे वास सुटतो आणि पोट भरत नाही. गोळ्याचा घट्टपणा तपासण्यासाठी तो आधी काठाजवळ गुडघाभर पाण्यात टाकून पाहावा. तळाला पोहोचल्यावर मिनिटाभरात फुटला तर बरोबर, मध्येच विरघळला तर पुन्हा अधिक घट्ट मळावा. गोळे एकाच जागी पडले पाहिजेत. त्यासाठी पलीकडच्या काठावरचे एखादे झाड किंवा विजेचा खांब नजरेने धरावा आणि तरंगाही त्याच रेषेत ठेवावा.

टिचकी येते, पण मासा लागत नाही

पावसाळ्यात तरंगा सरळ बुडतो आणि हात आपोआप उचलला जातो. हिवाळ्यात तरंगा थरथरतो, जागच्या जागी फिरतो किंवा चक्क वर उचलला जातो. शिशाचा शेवटचा मणी गळापासून चार बोटांवर तळाला टेकलेला असेल, तर तळाशी चरणारा सायप्रिनस आमिष उचलताना मणीही उचलतो, तरंग्यावरचा भार कमी होतो आणि तो पाण्यातून वर येऊन आडवा होऊ लागतो. ही टिचकी आहे हे ज्याला माहीत नसते, तो तरंगा बुडण्याची वाट पाहतो आणि तेवढ्यात मासा घास टाकून जातो. तरंग्याचा भार घरीच बादलीत जुळवावा. वर फक्त टोक दिसेल इतके शिसे असले, की हलक्या चाव्यालाही तो बोलतो. जाड मोराच्या पिसाचा किंवा बुचाचा मोठा तरंगा थंडीत घरी ठेवावा.

पावसाचा गढूळपणा डिसेंबरपर्यंत खाली बसलेला असतो आणि स्वच्छ पाण्यात जाड तंगूस उठून दिसतो. शेवटचा हातभर तंगूस ०.१६ ते ०.१८ मिलिमीटर जाडीचा लावावा. गळाच्या क्रमांकात आकडा वाढतो तसा गळ लहान होतो. पावसाळ्यात ६ किंवा ८ क्रमांकाचा गळ वापरणाऱ्याने थंडीत १२ किंवा १४ वर यावे. आमिषही त्याच मापाने कमी करावे. अख्खे गांडूळ लावण्याऐवजी अर्धा इंच तुकडा लावावा, आणि कणीक लावायची असेल तर ज्वारीच्या दाण्याएवढी गोळी करावी. इंग्लंडमधल्या गोठत्या कालव्यांवर लोक डासाएवढ्या माशीची तांबडी अळी नखाएवढ्या गळावर लावून बसतात. आपल्याला इतके खाली उतरावे लागत नाही, पण दिशा तीच आहे. माझे स्वतःचे मत असे आहे, की थंडीत गांडुळाला पर्याय नाही. करडईच्या पेंडीची गोळी, अंडे घातलेली कणीक, बडीशेपेचा अर्क हे सगळे मी करून पाहिले आहे आणि आता करत नाही.

एक फसवी टिचकी मात्र ओळखायला शिकावे. पावसाळ्यात सोडलेले बीज थंडीपर्यंत बोटुकलीच्या आकाराचे झालेले असते आणि ते आमिष कुरतडत राहते. तरंगा सतत, भराभर नाचत असेल आणि गळ रिकामा येत असेल, तर ती बोटुकली आहे असे समजून थोडे पलीकडे, अधिक खोल पाण्यात सरकावे. तिला धरण्यासाठी गळ आणखी लहान करू नये. संस्थेचे उद्याचे उत्पन्न ते आहे.

लागलेला मासा सुटत असेल तर

इथे फार बोलण्यासारखे नाही. गळाचे टोक अंगठ्याच्या नखावर टेकवून ओढावे. घसरले तर गळ फेकून द्यावा, रुतले तर ठीक. नायलॉनची गाठ आवळण्यापूर्वी थुंकीने ओली करावी, कारण कोरडी गाठ घासून गरम होते आणि तंगूस तिथेच कमकुवत होतो. उन्हात वर्षभर राहिलेला तंगूस दिसायला चांगला असला तरी बदलावा. बारीक तंगुसावर मासा ओढायचा नसतो, तर थकवायचा असतो. रीलचा ड्रॅग, म्हणजे तंगूस सुटताना त्याला अडवणारा ताण, इतका सैल ठेवावा की हाताने जोरात ओढल्यावर तंगूस सुटत राहील, आणि शेवटी मासा उचलायला हातजाळी वापरावी. जिवंत ठेवायची जाळी मऊ आणि गाठी नसलेली असावी, नाहीतर खवले निघतात आणि सोडलेला मासा जगत नाही.

खुंटी वाईटच आली तर

कधी कधी हात, खोली, चारा सगळे बरोबर असते आणि चिठ्ठीत बाभळीखालची खुंटी येते. तिथे बसून टोकाच्या खुंटीवरच्या माणसासारखी दीड किलोच्या सायप्रिनसची वाट पाहणे हा हट्ट आहे. पैज एकूण वजनाची असते, आणि थंडीत सगळ्यांचीच वजने कमी येतात. पन्नास ग्रॅमच्या वीस चिलाप्या म्हणजे एक किलो. त्यासाठी काठाच्या अगदी जवळ, दुपारच्या वेळी जिथे तासभर का होईना ऊन पडते तिथे, गुडघाभर ते कमरेएवढ्या पाण्यात, १४ क्रमांकाचा गळ आणि गांडुळाचा बारीक तुकडा घेऊन बसावे. काठावर उभे राहू नये, पाय आपटू नयेत, पांढरा सदरा घालू नये. उन्हाचा तो एक तास संपल्यावर पुन्हा खोल पाण्याकडे वळता येते. ऊन कोणत्या वेळी कुठे पडणार, हे खुंटीवर बसल्या बसल्या झाडांच्या सावल्यांवरून ठरवून वहीत लिहून ठेवावे.

बदल एका वेळी एकच करावा

तपासणीत तीन-चार दोष एकदम सापडले तरी ते एकदम दुरुस्त करू नयेत. सर्वांत मोठा वाटतो तो एकच घ्यावा, दोन रविवार तसाच ठेवावा, टिचक्यांचा रकाना पाहावा आणि मग दुसऱ्याकडे वळावे. ज्याला इतका धीर नाही, त्याने मधल्या एखाद्या सुट्टीच्या दिवशी, संस्थेला विचारून, पैजेशिवाय त्याच तलावावरच्या सर्वांत वाईट खुंटीवर जाऊन बसावे. तिथे हरण्याचे भय नसल्यामुळे माणूस तरंग्याकडे पाहतो. पैजेत तो बराच वेळ शेजाऱ्याच्या जाळीकडे पाहत असतो.

मी सातव्या आणि आठव्या रविवारी फक्त खोली दर वेळी नव्याने मापली, चारा आणि आमिष होते तसेच ठेवले. पाचवा आणि चौथा क्रमांक आला, पण टिचक्या तासाला एकावरून तीनवर गेल्या होत्या. नवव्या रविवारपासून चारा दोन लिंबांवर आणला. त्या दिवशी चिठ्ठीत चौथी खुंटी, म्हणजे नेमकी बाभळीखालची आली, आणि मी सहावा आलो. संध्याकाळी वजनांच्या कागदावरून वहीत आकडे उतरवताना पाहिले, तर तिसऱ्या आणि पाचव्या खुंटीवरचे दोघेही माझ्या खाली होते. पुढच्या रविवारचा हुरडा पाचव्या खुंटीवाल्याच्या रानातून आला.